लेण्यांचे चितारी

दिवाळी अंक हातात पडला की आपण आधी काय पाहतो? अनुक्रमणिका? छे! आधी मुखपृष्ठ पाहतो, मग पाने चाळीत आतली चित्रे पाहतो, आणि ज्या कथेवरचे चित्र मनात भरते ती कथा आधी वाचायला घेतो. कथा आवडली की लेखकाचे नाव ध्यानात ठेवतो. चित्रकाराचे नाव मात्र कोपऱ्यातल्या बारीक सहीत असते, आणि ते वाचण्याची तसदी दहांतला एखादाच घेतो. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघांनी आपल्या कुंचल्याच्या बळावर या नियमाला अपवाद निर्माण केला. दलालांनी तर १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंकच काढला. पण अपवाद तो अपवाद! छापील पानासाठी राबणारा चितारी हा आपल्याकडे बहुधा बिननावाचाच राहिला आहे.

आजचा विषय अशाच काही चिताऱ्यांचा आहे. छत्रपती संभाजीनगर म्हणजे आपले औरंगाबाद. तेथून एका अंगाला वेरूळ, दुसऱ्या अंगाला अजिंठा. या दोन ठिकाणांची कीर्ती साऱ्या जगात पोचली ती कशाने? लोक म्हणतात, साहेबाने लेणी 'शोधून काढली' म्हणून. मी म्हणतो, कोणी तरी उन्हातान्हात, अंधारात, वटवाघळांच्या वासात बसून ती कागदावर उतरवली म्हणून! शोधणाऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात गेले. उतरवणाऱ्याचे कोपऱ्यातच राहिले.

* * *

शोधाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. २८ एप्रिल १८१९. मद्रास फौजेतील घोडदळाचा एक अधिकारी, जॉन स्मिथ, वाघाच्या मागावर अजिंठ्याच्या डोंगरात शिरतो. खाली वाघूर नदीचे पात्र, समोर घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा, आणि कड्यावर झाडोऱ्यातून डोकावणारी एक कोरीव कमान! हे दृश्य आपल्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहते. साहेबाची टोपी, हातातली बंदूक, बोट दाखवणारा गुराखी पोर, सारे काही आपल्याला दिसते. पण गंमत अशी की, त्या दिवशी तेथे एकही चित्रकार हजर नव्हता. आपण जे पाहतो ते पुढच्या काळातल्या चिताऱ्यांनी आपल्या मनाने रंगवलेले चित्र आहे.

स्मिथने स्वतः मागे ठेवले ते एकच चित्र, आणि तेही अक्षरांचे. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव, पलटण आणि तारीख कोरून ठेवली. कोरली ती कुठे, तर खांबावरच्या जुन्या रंगीत आकृतीवर! आज ती अक्षरे आपल्या डोक्याच्याही वर दिसतात. साहेब काही ताडमाड उंच नव्हता. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा पुरुषभर ढीग साचला होता, आणि तो त्या ढिगावर उभा होता. पुढे ढीग उपसला गेला आणि अक्षरे वर राहिली.

आता 'शोध' या शब्दाबद्दल दोन शब्द. अजिंठ्याच्या लेण्यांजवळच एक गाव आहे, त्याचे नाव लेणापूर. गावाच्या नावातच लेणे आहे, मग ते गाववाल्यांना ठाऊक नव्हते असे म्हणण्यात काय अर्थ? वेरूळचे तर विचारायलाच नको. घृष्णेश्वराच्या यात्रेला येणारा यात्रेकरू लेणी पाहून जाई. महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या वेरूळच्या मुक्कामाचा उल्लेख आहे, म्हणजे तेराव्या शतकातली ही गोष्ट. कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत तर कैलास लेण्याची जन्मकथाच दिली आहे. राणीने व्रत धरले की देवळाचा कळस दिसेल तेव्हाच अन्न घेईन. आता पायापासून देऊळ बांधून कळस दिसायचा म्हणजे राणी उपाशी मरायची! तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे झाला आणि म्हणाला, आठ दिवसांत कळस दाखवतो. त्याने डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरायला घेतले; कळस आधी झाला, देऊळ मागून. कथा कथाच म्हणा, पण तीत एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे : कैलास वरून खालीच कोरला गेला. पुराणिकाच्या तोंडी स्थापत्याचे ज्ञान कसे टिकून राहते पाहा!

म्हणून मी म्हणतो, साहेबांनी लेणी शोधली नाहीत. लेण्यांची बातमी दूरवर पोचवली, एवढेच. आणि बातमी पोचवायची तर नुसते शब्द पुरत नाहीत. कैलासासारखी वस्तू शब्दांत सांगायला गेले तर ऐकणारा म्हणणार, काहीतरी फेकतो आहे! इसवी सन ८१२ च्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात या देवळाची स्तुती करताना म्हटले आहे की, ते घडवणाऱ्या शिल्प्यालाही आपण हे कसे केले याचा अचंबा वाटला. जेथे घडवणाराच थक्क, तेथे ऐकणाऱ्याची काय कथा! त्याला चित्रच दाखवायला हवे.

* * *

ते चित्र काढणारा पहिल्या काही जणांतला एक गृहस्थ चक्क मराठी होता, हे किती जणांना माहीत आहे? त्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट. राहणार पुणे.

काळ सवाई माधवरावांचा. पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. राजकारणात हा पक्का मुरलेला, पण त्याला जुन्या वास्तूंचा आणि चित्रांचा खराखुरा नाद होता. त्याने गंगारामाला हाताशी धरले. गंगारामाने त्याच्यासाठी काय काय काढले! पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, तो १७९० साली. पर्वतीची टेकडी काढली. तालमीतले गडी काढले. आणि वेरूळला जाऊन लेणी काढली.

जरा विचार करा. आपल्याकडच्या चिताऱ्याने तोवर काय काढलेले असायचे? देवादिकांची चित्रे, पोथीतली चित्रे, वाड्याच्या भिंतीवरची चित्रे, सरदाराची तसबीर. समोर एक डोंगर पोखरलेला आहे, त्याचे खांब मोजून, मापात, जवळचे मोठे आणि लांबचे लहान अशा रीतीने कागदावर आणायचे, हे काम त्याच्या परंपरेने त्याला शिकवलेले नव्हते. गंगाराम ते शिकला. मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली आणि स्कॉटलंडहून आलेला जेम्स वेल्स हा चित्रकार तिथे शिकवू लागला. वेल्सच्या सहवासात गंगारामाचा हात आणखी तयार झाला. पण गेंड्याचे चित्र वेल्स हिंदुस्थानात पाऊल टाकण्याच्या आधीचे आहे, हे विसरू नये. डोळा मूळचाच होता. साहेबाने फक्त कागद पुरवला.

मॅलेटने वेरूळचे वर्णन लिहून सर जॉन शोअर याच्याकडे पाठवले. शोअर गव्हर्नर जनरल होता आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचा अध्यक्षही होता. ते वर्णन सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात १७९९ साली छापून आले, आणि त्याच्या सोबतीला चित्रे होती ती गंगारामाच्या हातची. त्या काळी चित्र छापायचे म्हणजे ते तांब्याच्या पत्र्यावर कोरावे लागे. पुण्याच्या तांबटाचे चित्र कलकत्त्याला जाऊन पुन्हा तांब्यावरच चढले, असे म्हणायला हरकत नाही!

वेल्सनेही वेरूळची चित्रे काढली. पण ती छापलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांचे काम चालू असताना तापाने त्याला गाठले आणि १७९५ साली तो गेला. त्याच्या चित्रांचा २४ पानांचा देखणा संग्रह १८०३ साली लंडनमध्ये निघाला. तो काढला टॉमस डॅनिएल या नामांकित चित्रकाराने. याच डॅनिएलची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १७९० साली टिपूविरुद्ध पेशव्यांशी झालेल्या तहाच्या दरबाराचे एक भले मोठे तैलचित्र आहे. सवाई माधवराव, नाना फडणवीस, मॅलेट, सारी मंडळी त्यात जिवंत दिसतात. हल्ली ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. पण हे चित्र रंगवले गेले १८०५ मध्ये! डॅनिएल त्या दरबारात नव्हता. वेल्सने केलेल्या अभ्यासचित्रांवरून त्याने ते रचले, आणि तहाच्या वेळी वेल्सही पुण्यात नव्हता, तो मुंबईस उतरला तोच मुळी १७९१ साली. म्हणजे ज्याला आपण इतिहासाचा साक्षीदार समजतो त्या चित्राचे दोन्ही चितारी घटनेच्या वेळी गैरहजर!

म्हणूनच गंगारामाची मातब्बरी. तो जागेवर गेला, जागेवर बसला आणि डोळ्यांनी पाहिले तेच त्याने काढले. त्याची पुष्कळशी चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. त्या चित्रांकडे अभ्यासक पुणे-वेरूळचा पुरावा म्हणून पाहतात. आपण मात्र तांबट म्हटले की तांबट आळीपलीकडे जात नाही.

* * *

आता थोडे छापखान्यात डोकावू, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय उमगायची नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विलायतेत सचित्र साप्ताहिकांचे पेव फुटले. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' निघाले १८४२ साली. या पत्रांचे चितारी लढायांवर जात, दरबारांना जात, दूरदेशी मुलखांत जात आणि घाईघाईने काढलेली रेखाटने टपालाने धाडत. मुख्य कार्यालयात ती रेखाटने लाकडावर उतरवली जात. बॉक्सवूड नावाचे कठीण लाकूड असते, त्याचे तुकडे एकमेकांना स्क्रूने जोडून एक मोठा ठोकळा करायचा, त्यावर चित्र काढायचे, मग तुकडे सुटे करून चार-सहा कोरक्यांना एकेक वाटून द्यायचे. एकाने आभाळ कोरायचे, दुसऱ्याने घोडा, तिसऱ्याने माणसे. रात्रभरात ठोकळा तयार! पुन्हा जोडला की छपाईला सज्ज. नीट पाहिले तर जुन्या अंकांतल्या चित्रांवर जोडाच्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतात.

या धांदलीत मूळ चित्र काढणाऱ्याचे काय होई ते उघड आहे. पहिला हात एकाचा, दुसरा हात दुसऱ्याचा, नाव तिसऱ्याचे. वाचकाला जे दिसे ते तिसऱ्या-चौथ्या हातचे. अजिंठ्याची चित्रे विलायतेतील सामान्य वाचकापर्यंत गेली ती अशाच वाटेने. १८५६ साली श्रीमती स्पायर्स यांचे प्राचीन भारतातील जीवनावरचे पुस्तक निघाले, त्यात अजिंठ्यातल्या काही आकृती लाकडी ठशांवरून छापल्या होत्या. त्या ठशांसाठी नकला उतरवल्या जॉर्ज शार्फने. आणि शार्फने त्या उतरवल्या कशावरून? मेजर रॉबर्ट गिलने अजिंठ्यात बसून केलेल्या रंगीत चित्रांवरून.

* * *

गिलचे नाव निघाले की संभाजीनगर-जळगावकडच्या माणसाच्या तोंडी लगेच दुसरे नाव येते : पारो. अजिंठा गावात तिची कबर आहे, तीवर १८५६ साल कोरलेले आहे. साहेबाचे आणि या स्थानिक तरुणीचे प्रेम हा आपल्या हळव्या मनाचा आवडता विषय. ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, त्यावरून २०१२ साली नितीन देसाईंनी चित्रपट काढला. या साऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रेमकथेच्या धुक्यात एक गोष्ट झाकली जाते. गिल अजिंठ्याला प्रेम करायला आला नव्हता, काम करायला आला होता. आणि त्या कामाची शोकांतिका पारोच्या मृत्यूइतकीच जीवघेणी आहे.

जेम्स फर्ग्युसन हा वास्तुकलेचा मोठा पंडित. त्याने लेणी पाहिली आणि १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. ही चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, कोणी तरी नकला करून ठेवा, असा त्याचा धोशा होता. कंपनी सरकारने मानले आणि १८४४ साली मद्रास पायदळातील कॅप्टन गिलची नेमणूक केली. गिल अजिंठा गावच्या बारादरीत राहिला. वीस वर्षे, थोडीथोडकी नव्हेत, त्याने या कामात घातली.

काम सोपे नव्हते. लेणी कड्यात खोल. दारातून येणारे ऊन घटकाभर एका भिंतीवर, मग ते सरकले की पुन्हा अंधार. चित्रांवर शतकांची काजळी. पावसाळ्यात सारे ओलेगच्च, उन्हाळ्यात कडा तापून भट्टी. आजूबाजूला श्वापदे. आणि मूळ चित्रे लहानसहान नव्हेत. भिंतीच्या भिंती भरून जातककथा पसरलेल्या. गिलने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या आणि सुमारे तीस चित्रे विलायतेला रवाना झाली.

ती लंडनजवळच्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. काचेचा तो प्रचंड महाल पाहायला लोकांची झुंबड उडे. आणि ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या महालाला आग लागली. गिलची बहुतेक सारी चित्रे जळून खाक झाली. बोटांवर मोजण्याइतकी बचावली. वीस वर्षांचे काम एका रात्रीत संपले!

सुदैवाने मधल्या काळात गिलने कॅमेरा हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळची त्याची छायाचित्रे फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली पुस्तकरूपाने आली होती, ती तेवढी राहिली. पण कॅमेऱ्याला त्या काळी रंग दिसत नव्हता, आणि अजिंठा म्हणजे रंग! गिल १८७९ साली गेला. त्याची कबर भुसावळला आहे. पारोच्या कबरीवर लोक फुले वाहतात. रंगांच्या त्या राखेवर कोणी वाहायची?

* * *

आगीनंतर पुन्हा खटाटोप सुरू झाला. या वेळी पुढे आली मुंबईची जे. जे. कलाशाळा. तेथील जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. या विद्यार्थ्यांत पारशी होते, मराठी होते. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार त्यांपैकीच. भिंतीवरून आकृती उतरवायच्या, कॅनव्हासवर रंगवायच्या, तुटलेला भाग तुटलेलाच दाखवायचा, अशा शिस्तीने तीनशेच्या आसपास चित्रे तयार झाली.

आणि मग काय झाले? वाचकहो, तुम्हाला खोटे वाटेल, पण पुन्हा आग लागली! १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात. शेकडा तीस-चाळीस चित्रे तरी त्यात गेली. उरली ती आज व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड काढून जेवढे जमले तेवढे छापून ठेवले, हे आपले भाग्य. पुस्तकावर नाव ग्रिफिथ्सचे. विद्यार्थ्यांची नावे शोधायला भिंग घ्यावे लागते.

त्यानंतर लेडी हेरिंगहॅम या बाई आल्या, १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा ही तरुण मंडळी आली. हैद्राबादहून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन आले. या खेपेची गोष्ट निराळी. नकला करता करता या पोरांना आपलीच हरवलेली वाट सापडली. विलायती तैलचित्रांच्या मोहातून हिंदी चित्रकला बाहेर पडू पाहत होती, तिला अजिंठ्याने हात दिला. त्याच नंदलालांनी पुढे शांतिनिकेतनच्या आपल्या शिष्यांसह स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेची मूळ प्रत सजवली. म्हणजे नक्कल करणारा हा नुसता नकल्या असतो, हा समज किती खुळा आहे पाहा. दुसऱ्याची रेघ ओढता ओढताच हाताला स्वतःची रेघ सापडते.

जपानचा आराई काम्पो हाही येथे येऊन नकला करून गेला. त्या टोकियोत ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपात त्याही गेल्या! अजिंठ्याच्या नकलांच्या कपाळी अग्नी आणि भूकंप असेच लिहिले होते की काय, असे वाटू लागते. दीड हजार वर्षे भिंती उभ्या, आणि सुरक्षित म्हणून दूर नेलेल्या प्रती मात्र भस्म!

* * *

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, वा, चिताऱ्यांचे केवढे उपकार! थांबा. या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवली तर अप्रामाणिकपणा होईल.

अजिंठ्याची चित्रे कशी काढलेली आहेत ते आधी समजून घ्या. खडकावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना. आणि निळा हवा तेथे दूर बदख्शानाकडून आलेला लाजवर्द. असा हा मातीचा नाजूक संसार. यावर ओले फडके फिरवले तरी धोका.

आणि आमच्या चिताऱ्यांनी काय केले? चित्र स्पष्ट दिसावे म्हणून भिंती पुसल्या आणि त्यांवर व्हार्निश फासले. त्या क्षणी रंग झळकले, नक्कल करायला सोपे गेले. पण काही वर्षांत ते व्हार्निश पिवळे पडले, मग तपकिरी झाले. खालच्या रंगांना ताण बसून पापुद्रे सुटू लागले. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा घट्ट केला, पुष्कळ भाग वाचवला, पण जाता जाता लाखेचा आणखी एक थर चढवला. हे थर हलक्या हाताने उतरवण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे दशकानुदशके करावे लागले.

यापेक्षा वाईटही घडले. डॉक्टर बर्ड या गृहस्थाने तर भिंतीवरच्या आकृतीच सोलून नेण्याचा उद्योग केला, असे जुने लेखक सांगतात. हौशी पाहुण्यांनी नावे कोरली ती वेगळीच. तेव्हा हिशेब असा आहे : ज्यांनी चित्रे वाचवायची म्हणून हात लावला त्यांच्याच हातून ती थोडी मेली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्ञान अपुरे होते आणि घाई होती. चांगल्या हेतूची घाई किती महागात पडते, याचा इतका रंगीत पुरावा दुसरा नसेल.

तरीही अखेरचा जमाखर्च मांडला तर जमेची बाजू जड भरते, असे माझे मत आहे. कारण गेल्या दीडशे वर्षांत भिंतीवरचे जे जे गळून पडले, त्यातले कितीतरी आज फक्त या नकलांत दिसते. मूळ गेले, नक्कलच आता साक्षीदार! न्यायालयात मूळ दस्तऐवज हरवला तर खरी नक्कल चालते, तसेच हे. गुलाम यझदानींच्या हाताखाली हैद्राबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर जे थोर ग्रंथ काढले, त्यांत कॅमेरा आला, रंगीत छपाई आली. पण कॅमेऱ्याच्या आधी ज्यांनी पाहिले, त्यांच्या पाहण्याला पर्याय नाही. गंगारामाच्या कागदावरचे वेरूळ हे रस्ते, कुंपणे, तिकीटघर यांच्या आधीचे वेरूळ आहे. कैलासाला एके काळी रंगमहाल म्हणत. त्याच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता आणि त्यावर रंग होते. त्यातले आज तुरळक ठिपके उरले आहेत. अशा वेळी जुन्या चिताऱ्याची प्रत्येक रेघ लाखमोलाची ठरते.

* * *

अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही १९८३ साली जागतिक वारसा झाली. आता आत मंद दिवे असतात, फ्लॅश मारायला बंदी असते, आणि ते योग्यच आहे. मात्र प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे एक नवेच नुकसान झाले आहे : कोणी पाहत नाही. लोक पद्मपाणीसमोर येतात, फोन वर करतात, टिचकी वाजते, आणि पुढच्या लेण्याकडे धावतात. गिलने ज्या भिंतीपुढे महिने काढले, तिच्यापुढे आपण पाऊण मिनिट उभे राहत नाही.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत जे कोणी वेरूळ-अजिंठ्याला जातील, त्यांना दोन गोष्टी सुचवतो. पहिली, मुलांच्या हाती एक वही आणि पेन्सिल द्या. लेण्याबाहेरच्या सावलीत बसून एक खांब, एकच खांब, त्यांना काढू द्या. वाकडातिकडा येईल, येऊ द्या. चित्र काढताना जो खांब दिसतो तो फोटो काढताना दिसत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळेल. घरी परत येईपर्यंत तो खांब त्यांचा झालेला असेल.

दुसरी गोष्ट सरकारदरबारी आणि शिक्षणखात्यात ज्यांचा शब्द चालतो त्यांच्यासाठी. येल आणि लंडनच्या संग्रहांतील चित्रांच्या उत्तम छापील प्रती आज मिळू शकतात. ज्या लेण्याचे चित्र, त्या लेण्याजवळ त्याची प्रत लागली तर पाहणाऱ्याला एकदम दोन काळ दिसतील : तेव्हाचा आणि आताचा. आणि चित्राखाली नाव असावे, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत नव्हे, ठळक. गंगाराम चिंतामण तांबट, पुणे. पेस्तनजी बोमनजी, मुंबई. सय्यद अहमद, हैद्राबाद. गिल आणि ग्रिफिथ्स यांचेही असावे. त्यांनी घाम गाळलेला आहे.

जॉन स्मिथचे नाव खांबावर कोरलेले आहे, ते काही पुसले जाणार नाही. त्याने एक दिवस पाहिले आणि नाव कोरले. ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले त्यांनी भिंतीवर नाव घातले नाही. त्यांची नावे आता आपण लिहायची आहेत, आणि ती भिंतीवर नको, मुलांच्या पुस्तकात लिहिली तरी पुरे.